अंतराळप्रवास, दीर्घकाळ अंथरूण आणि आपले हृदय

घरात कुणाचे खुब्याचे हाड मोडते, कुणाचे मोठे ऑपरेशन होते, कुणी लांबलेल्या आजाराने महिनाभर अंथरूण धरते. मूळ दुखणे बरे होते, टाके निघतात. मग पहिल्यांदा उभे राहायचा दिवस येतो आणि माणूस दोन पावलांत घेरी येऊन खाली बसतो. "अशक्तपणा आहे, खाल्ले-प्यायले की जाईल," असे आपण म्हणतो. आपल्या मंडळाच्या बैठकीत वयस्कर सभासदांची विचारपूस निघाली की दर वेळी अशी एखादी हकिगत ऐकायला मिळते. हा अशक्तपणा नेमका कशाचा, हे समजून घ्यायला अंतराळवीरांवर झालेल्या संशोधनाची मोठी मदत होते. म्हणून या विषयाची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

उभे राहणे ही सोपी गोष्ट नाही

माणूस उभा असताना त्याच्या धमन्यांतला दाब सगळीकडे सारखा नसतो. हृदयापाशी तो सरासरी 100 धरला, तर डोक्याशी सुमारे 70 आणि पावलांशी जवळजवळ 200 भरतो. आपण पलंगावरून उठून उभे राहतो तेव्हा काही सेकंदांत अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोट आणि पायांकडे उतरते. तरीही आपल्याला चक्कर येत नाही, कारण मानेतल्या मोठ्या धमन्यांत आणि छातीत दाब ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोके असतात. दाब उतरू लागला की ती मेंदूला खबर देतात, लगेच नाडी वाढते आणि पायांकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. पोटरीला दुसरे हृदय म्हणतात ते यामुळेच.

दिवसातून पन्नास वेळा आपण उठतो-बसतो आणि पन्नास वेळा या यंत्रणेची तालीम होते. महिनाभर ती तालीम बंद पडली तर काय होते, हाच या सगळ्या संशोधनाचा प्रश्न आहे.

वर गेल्यावर काय होते

एक गैरसमज आधी दूर करू. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून साधारण 400 किलोमीटर उंचीवर फिरते. तिथे गुरुत्वाकर्षण संपलेले नसते, पृथ्वीवरच्या सुमारे 90 टक्के असतेच. पण स्थानक आणि त्यातली माणसे सतत पृथ्वीभोवती 'पडत' असतात, त्यामुळे वजन जाणवत नाही. वजन नाही म्हणजे रक्ताला खाली ओढणारेही काही नाही. एक ते दोन लिटर द्रव पायांकडून छाती आणि डोक्याकडे सरकतो. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, नाक चोंदते आणि पाय काड्यांसारखे बारीक होतात.

छातीत द्रव वाढला की शरीराला वाटते, पाणी जास्त झाले. थोड्याच दिवसांत रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, 10 ते 15 टक्क्यांनी कमी होतो. वर असेपर्यंत काही अडत नाही. अडचण परतल्यावर सुरू होते. एकूण रक्तच कमी, त्यातले बरेचसे पुन्हा पायांत उतरते आणि मेंदूला पुरेसे पोहोचत नाही. स्पेस शटलच्या काळात, फार तर दोन आठवड्यांच्या सफरीनंतर, 14 अंतराळवीरांना उतरल्यावर 10 मिनिटे नुसते उभे राहायला सांगितले होते. त्यांतल्या 9 जणांना तेवढेही जमले नाही. ही निवडून काढलेली, धडधाकट माणसे होती, हे लक्षात घ्यावे.

इथे एक मजेशीर गोष्ट सांगायला हवी. द्रव वर सरकतो तर हृदयाजवळच्या शिरांतला दाब वाढायला हवा, असेच सगळे शास्त्रज्ञ मानत होते. 1991 च्या जून महिन्यात ड्र्यू गॅफ्नी नावाचे हृदयरोगतज्ज्ञ दाब मोजणारी बारीक नळी स्वतःच्याच शिरेत घालून शटलमधून वर गेले. मोजमाप आले ते उलटे. दाब वाढला नव्हता, चक्क उतरला होता. वजन गेल्याने छातीचा पिंजरा आणि भोवतालच्या अवयवांचा हृदयावरचा भार हलका होतो, असे त्याचे स्पष्टीकरण आज दिले जाते. पुस्तकातले पक्के समजलेले उत्तर एका नळीने बदलले, हे आम्हाला या साऱ्या इतिहासातले सर्वात आवडलेले पान वाटते.

हृदय हा स्नायू आहे आणि काम कमी झाले की तोही रोडावतो. बारा अंतराळवीरांच्या तपासणीत हृदयाचा आकार वर असताना सुमारे 9 टक्क्यांनी अधिक गोलसर झालेला दिसला. स्कॉट केली 2015-16 मध्ये 340 दिवस स्थानकात राहिले. रोज नियमाने व्यायाम करूनही त्यांच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याचे वजन दर आठवड्याला पाऊण ग्रॅमच्या आसपास घटत गेले. संशोधकांनी त्यांची तुलना बेन्वा लेकोंत या जलतरणपटूशी केली. 2018 मध्ये लेकोंत 159 दिवस प्रशांत महासागरात पोहत होते, दिवसाला सरासरी पाच-सहा तास. त्यांचेही हृदय जवळजवळ त्याच वेगाने हलके झाले होते. आडवे राहणे आणि पाण्याने शरीर तोलून धरणे यांमुळे गुरुत्वाकर्षणाचा भार उतरतो आणि इतके पोहूनही तो भरून निघत नाही. धमन्यांवरही परिणाम होतो. सहा महिन्यांच्या मुक्कामानंतर मानेच्या धमन्या इतक्या ताठर झालेल्या आढळल्या की पृथ्वीवर तेवढे व्हायला 10 ते 20 वर्षे लागतात.

पलंगावरचे अंतराळ

1970 च्या जूनमध्ये सोव्हिएत अंतराळवीर निकोलायेव्ह आणि सेवास्त्यानोव्ह सोयुझ-9 मधून 18 दिवसांनी परतले, तेव्हा त्यांना धड उभे राहता येत नव्हते. परतलेल्या वीरांची आणखी एक तक्रार असे. सपाट पलंगावर झोपले की पायांकडे घसरत असल्यासारखे वाटते. त्यावरून सोव्हिएत शास्त्रज्ञांना युक्ती सुचली. पलंगाची डोक्याकडची बाजू 6 अंशांनी खाली करायची आणि निरोगी माणसांना तसेच झोपवून ठेवायचे. जेवण, अंघोळ, शौच सगळे त्याच स्थितीत. शरीरात अंतराळासारखेच पुष्कळ बदल जमिनीवरच दिसू लागले. मॉस्कोच्या संस्थेत 1986-87 मध्ये असा प्रयोग 370 दिवस चालला. आजही जगभर हीच पद्धत वापरतात.

मात्र आपल्या घरच्या रुग्णाशी सर्वात जवळचा प्रयोग 1966 चा, अमेरिकेतील डॅलस शहरातला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर ठेवले. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, हे दमसास मोजायचे उत्तम माप मानतात. ते सरासरी 27 टक्क्यांनी कोसळले. मग आठ आठवडे कसून व्यायाम करवून घेतला, तेव्हा ते भरून निघाले. बैठ्या सवयीचे तरुण लवकर सावरले, खेळाडूंना पूर्वपदावर यायला जास्त दिवस लागले. 1996 मध्ये, पन्नाशी गाठलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने त्यांचा दम जितका कमी केला होता, त्याहून जास्त घट विशीतल्या त्या तीन आठवड्यांनी केली होती! विशीत ही गत, तर पंचाहत्तरीतल्या आजीचे काय होत असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

डॉक्टरांनाही हे एका दिवसात पटले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराच्या झटक्यानंतर सहा-सहा आठवडे निजवून ठेवण्याची रीत होती. 1947 मध्ये ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी अंथरुणाच्या धोक्यांवर खरमरीत लेख लिहिला. 1952 मध्ये बॉस्टनचे सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनी झटका आलेल्या रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसवण्याचा उपचार मांडला, तेव्हा बराच विरोध झाला. नुसत्या खुर्चीला विरोध, हे आज वाचताना नवल वाटते.

आपल्या घरासाठी

अंतराळवीर वर रोज दोन-अडीच तास ट्रेडमिल, सायकल आणि ताकदीचे व्यायाम करतात. उतरण्यापूर्वी मिठाच्या गोळ्या आणि सुमारे लिटरभर पाणी घेतात, पायांना आवळून धरणारे कपडे घालतात. यातली मीठ-पाण्याची युक्ती घरी कुणी करू नये. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या माणसाला ती महागात पडेल.

बाकीचे तत्त्व मात्र घरी लागू पडते. डॉक्टरांनी परवानगी दिलेल्या रुग्णाला जेवणापुरते तरी खुर्चीत बसवावे. पडल्या पडल्या पावले वर-खाली हलवायला लावावीत, म्हणजे पोटरीचा पंप चालू राहतो. उठवताना आधी काही मिनिटे पाय खाली सोडून बसू द्यावे, मग आधार देऊन उभे करावे. तीन मिनिटांत वरचा रक्तदाब 20 ने किंवा खालचा 10 ने उतरत असेल तर डॉक्टरांना कळवावे, कारण काही वेळा औषधांच्या मात्रा बदलाव्या लागतात. रात्री बाथरूमला उठताना पडण्याचे प्रकार फार होतात. तेव्हा सोबतीला माणूस हवाच.

आणखी एक मुद्दा रक्ताच्या गुठळीचा. स्थानकावरील 11 जणांच्या तपासणीत 6 जणांच्या मानेच्या शिरेत रक्त साचलेले किंवा उलटे वाहताना आढळले आणि एकाला गुठळीही झाली. जमिनीवर पडून राहणाऱ्या माणसाला हा धोका मुख्यतः पायांच्या शिरांत असतो. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांतही तो वाढलेला असतो. सव्वा महिन्याची विश्रांती म्हणजे दिवसभर पडून राहणे नव्हे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, गरम लागली, तर आपल्याकडे पहिला हात तेलाच्या वाटीकडे जातो. अशा पायाला मालिश करू नये, कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.