अमेरिकेतील मेंढ्यांचे रिंगण आणि शेतकऱ्यांची मुले

अमेरिकेतील कृषिप्रदर्शनांत मेंढीला मानाचे स्थान मिळाले ते प्रथम तिच्या लोकरीमुळे. १८०७ साली एल्काना वॉटसन यांनी मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड गावच्या चौकात दोन मेरिनो मेंढ्या लोकांना पाहण्यासाठी ठेवल्या. मेरिनो ही अत्यंत मऊ व बारीक तंतूंची लोकर देणारी स्पॅनिश जात असून तिची निर्यात स्पेनने दीर्घकाळ रोखून धरली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेने परदेशी व्यापारावर निर्बंध घातले, विलायती कापड दुर्मीळ झाले आणि देशी लोकरीची मागणी एकाएकी वाढली. १८११ साली पिट्सफील्डच्याच बर्कशायर परगण्यात कृषिमंडळ स्थापन होऊन वार्षिक प्रदर्शन व बक्षिसे यांची रीत रुळू लागली. तरी या रिंगणात उतरत ते प्रौढ शेतकरी.

मुले आली ती जवळजवळ शतकानंतर, आणि तीही आडमार्गाने. १८६२च्या कायद्याने कृषिमहाविद्यालये व १८८७च्या कायद्याने प्रयोगकेंद्रे निघाली होती. पण पुस्तकी शेतीवर शेतकऱ्यांचा विश्वास बसत नव्हता. मुलाच्या वाफ्यात बापाच्या शेतापेक्षा सरस मका उभा राहिला, तर बाप आपोआप विचारात पडेल, असा हिशेब मुलांना पुढे आणण्यामागे होता. १९०२ साली शाळा-अधीक्षक ए. बी. ग्रॅहम यांनी ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे मुलांचे मंडळ सुरू केले, तेव्हा मका, भाजीपाला आणि लिटमस कागदाने मातीची परीक्षा एवढाच त्याचा व्याप होता. १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने कृषिविस्ताराला, म्हणजे महाविद्यालयातील ज्ञान गावोगाव पोचवण्याच्या यंत्रणेला, सरकारी पैसा मिळाला. पुढे 'फोर-एच' या नावाने ओळखली गेलेली ही मंडळे त्या यंत्रणेचा भाग झाली आणि पिकांच्या जोडीला जनावरेही आली.

कोकरू मुलाला झेपण्याजोगे असते आणि काही महिन्यांत विक्रीस तयार होते. मूल ते ताब्यात घेते, खुराक, वजन व खर्च यांची वही ठेवते आणि त्याला माणसाच्या हाताची सवय लावते. रिंगणात दोर न लावता एक हात जबड्याखाली धरून कोकरू उभे करायचे आणि मांडी त्याच्या छातीला टेकवायची, म्हणजे ते उलट रेटा देते, पाठीचे स्नायू ताठरतात आणि परीक्षकाला बोटांनी चाचपून मांस किती, चरबी किती हे समजते. कोकराच्या स्पर्धेखेरीज 'शोमनशिप' ही दुसरी स्पर्धा असते. तीत गुण हाताळणीला मिळतात: पाय चौकोनात ठेवले का, परीक्षकाच्या आड मूल आले का. शेवटी लिलाव होतो आणि बहुतेक कोकरे कत्तलीस जातात. लिलावात स्थानिक व्यापारी कौतुकापोटी बाजारभावापेक्षा पुष्कळ जास्त बोली लावतात. त्यामुळे नफा-तोटा शिकवण्यासाठी आखलेल्या वहीची अखेर कोणत्याही बाजारात न मिळणाऱ्या रकमेने होते, ही या पद्धतीतील ठळक विसंगती म्हणावी लागेल.

दरम्यान मूळ धंदा आटला. १९४२च्या सुमारास अमेरिकेत ५ कोटी ६० लाख मेंढ्या होत्या, आज ५० लाखांच्या आसपास आहेत. कृत्रिम धागा आला, मटणाचा खप घटला, राखणीला माणसे मिळेनाशी झाली. रिंगण मात्र टिकले, इतकेच नव्हे तर त्याच्या गरजेनुसार जनावर घडू लागले. 'क्लब लॅम्ब' म्हणून मुलांना विकण्यासाठीच पैदास करणारे मेंढपाळ निघाले असून, भरदार पुठ्ठ्यांची, अंगाची लोकर कातरून पायांवरची झुपकेदार राखलेली कोकरे हा त्यांचा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे.