एका अक्षराचा फरक

आम्हा कादंबरीकारांवर क्षयाचे फार जुने ऋण आहे. नायिकेला संसारसुख द्यायचे नाही आणि तिला वाईटही ठरवायचे नाही, असा पेच पडला की जुने लेखक तिला खोकला लावून देत. वाचकांचे रुमाल ओले होत. परंतु ज्या घरात तो खोकला खराखुरा शिरला, तेथले रुमाल रक्ताने भिजले. अमेरिकेहून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्याआधी पाचच वर्षे, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये या रोगाचा जंतू सभेपुढे मांडला होता. शत्रूची ओळख पटली. त्याच्यावर चालवायचे शस्त्र मात्र पुढची साठ वर्षे कोणापाशीच नव्हते. हवा बदला, दूध-अंडी खा, पडून राहा, एवढाच उपाय. मिरजेची आणि पाचगणीची आरोग्यधामे त्याच आशेवर उभी राहिली.

शस्त्र सापडले ते १९४३ साली, आणि तेही मातीत. अमेरिकेत न्यू जर्सी येथे सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने मातीतील एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. ब्रिटनमध्ये त्याची रीतसर कसोटी झाली आणि १९४८ साली आकडे प्रसिद्ध झाले. ५५ रोग्यांना औषध व विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. केवढा हा विजय! पण हिशेबाची वही येथेच मिटू नये. पाच वर्षांनी पाहिले तो पहिल्या गटातले ३२ आणि दुसऱ्यातले ३५ गेलेले. जवळजवळ बरोबरीच! औषध घेणाऱ्या बहुतेकांच्या अंगातला जंतू पुढे औषधाला दाद देईनासा झाला होता.

हे घडले कसे? जंतू औषधाला 'सरावला' असे आपण सहज म्हणून जातो. तसे नव्हे. जंतू दुभागून वाढतो आणि दर खेपेला आपली अवघी पोथी नव्याने उतरून काढतो. पोथी उतरणाऱ्याच्या हातून अक्षर चुकते, हे महाराष्ट्राला नवे नाही. म्हणून तर एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करावी लागली. जंतूंमध्ये एकनाथ नाहीत. बहुतेक चुका निरुपयोगी ठरतात, पण एखादी नेमकी औषधाचा घाव चुकवते. त्याच १९४३ साली साल्व्हादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी दुसऱ्या जंतूंवरील प्रयोगाने दाखवून दिले, की असे बदल संकट येण्यापूर्वीच होऊन बसलेले असतात. संकट फक्त निवड करते.

आता मुलांना घालावे तसे एक गणित पाहा. एका औषधाला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एक निघतो. फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज नांदतात. म्हणजे एकच औषध दिले तर शंभर जण बचावले, आणि पुढचे राज्य त्यांचेच! दोन औषधे एकदम दिली तर दोन्हींना पुरून उरणारा जंतू लाख कोटींत एखादा. १९५२ साली आयसोनायझिड आले आणि हेच गणित उपचाराचा पाया झाले. आरोग्यधामाचीही गरज नाही, घरी राहून गोळ्या घेणारा रोगी तितकाच बरा होतो, हे १९५९ साली जगाला दाखवले ते मद्रासच्या केंद्राने.

मग घोडे अडले कोठे? दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, मजुरी बुडवणे परवडत नाही, गोळ्या थांबतात. कोठे डॉक्टर अपुरे औषध लिहितो, कोठे दवाखान्यातला साठाच संपतो. प्रत्येक खंड म्हणजे जंतूंची एक नवी निवड. २०१२ च्या आरंभी मुंबईच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचा जंतू बधत नव्हता. देश हादरला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात प्रत्येक क्षयरोग्याची नोंद सरकारला कळवणे सक्तीचे झाले.

या जंतूची समग्र पोथी १९९८ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेने आणि इंग्लंडच्या सँगर केंद्राने मिळून वाचली. अक्षरे भरली ४४,११,५२९. ज्या वाणाची ती पोथी, तो १९०५ साली एका रोग्यापासून घेतलेला. म्हणजे औषधे जन्मण्यापूर्वीची प्रत! तिच्याशी आजचा जंतू ताडून पाहिला की पाठभेद उघडे पडतात. रिफँपिसिन या प्रमुख औषधाला न जुमानणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ९५ जंतूंत चूक ८१ अक्षरांच्या एकाच ओळीत असते. पुष्कळदा तर एका ठिकाणी 'सी'च्या जागी 'टी', एवढेच. जंतू वाढवून परीक्षा करायला आठवडे लागत. ही ओळ आता दोन तासांत तपासता येते.

परंतु मला या वाचनाचे मोल निराळ्याच कारणासाठी वाटते. दोन पोथ्यांत एकच चूक आढळली, की पंडित म्हणतात, दोन्ही एकाच प्रतीवरून उतरल्या. तसेच दोन रोग्यांच्या जंतूंत तेच पाठभेद निघाले, तर रोग एकाकडून दुसऱ्याकडे गेला असावा. अशी वंशावळ मांडू लागल्यावर देशोदेशी दिसून आले, की हट्टी क्षय झालेल्या अनेकांनी कधी गोळी चुकवलेलीच नव्हती. हट्टी झालेला जंतूच त्यांच्या श्वासात आला होता. "तू औषध नीट घेतले नाहीस," हे वाक्य असल्या किती जणांनी खाटेवर पडल्या पडल्या ऐकले असेल! घरच्यांनी ऐकवले, डॉक्टरांनीही ऐकवले असेल. नवी औषधे निघाली आहेत. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना हट्टी क्षयालाही सहा महिन्यांचा उपचार सांगते. त्यातल्या एका नव्या औषधाला चकवणारे जंतूही दिसू लागले आहेत. तेव्हा गोळ्या पुऱ्या घ्याव्यात हे खरेच, आणि त्या पुऱ्या मिळतील अशी व्यवस्थाही हवी. पण शेजारी कोणी पुन्हा खोकू लागला, तर दोष देण्याआधी त्याच्या जंतूची पोथी तरी वाचून घ्यावी.