आधी नकार, मग परवानगी

काही वर्षांपूर्वी माझी दुसऱ्या राज्यात बदली झाली. पदभार सोपवला, कपाटांच्या किल्ल्या मोजून दिल्या, पोच घेतली. पाच महिन्यांनी एका जुन्या वेतनपत्रकासाठी पूर्वीच्या कार्यालयाची संगणक प्रणाली उघडली, तो जुन्या शाखेची सारी प्रकरणे माझ्यापुढे हजर! मंजुरीचे बटणही शाबूत होते. त्याच दिवशी पत्र लिहून मी माझा प्रवेश बंद करवून घेतला. लोखंडी किल्ली परत गेली होती. या किल्लीची मात्र कोणालाच आठवण नव्हती.

दोष यंत्राचा की प्रशासनाचा, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६० च्या दशकात सीटीएसएस नावाच्या प्रणालीवर अनेकजण एकच संगणक वापरत. प्रत्येकाला परवलीचा शब्द असे. १९६२ साली ॲलन शेर या संशोधकाने, वाट्याला येणारा वेळ अपुरा पडतो म्हणून, परवलीच्या शब्दांची फाइलच छापून घेतली. १९६६ साली दोन फायलींची अदलाबदल होऊन प्रवेश करणाऱ्या प्रत्येकापुढे सर्वांचे परवलीचे शब्द उमटले.

त्याच संस्थेच्या पुढील मल्टिक्स प्रणालीत प्रत्येक फाइलीला परवानगीची यादी जोडली गेली. या अनुभवातून जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली आठ तत्त्वे मांडली. त्यांपैकी एक दोन किल्ल्यांच्या कुलपाचे. एक किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे आणि दुसरी खजिनदाराकडे, ही दुहेरी कुलपाची रीत आपल्या कोषागारांना जुनीच आहे. दुसरे तत्त्व अधिक मोलाचे: स्पष्ट परवानगी नसेल, तर उत्तर 'नाही' असावे.

त्यामागील तर्क अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पटणारा आहे. चूक दोन्हीकडे होणारच. प्रश्न ती कोणाला दिसते, हा आहे. हक्काचा माणूस अडला, तर तो सकाळीच दूरध्वनी करतो आणि चूक सुधारते. नको तो माणूस आत गेला, तर तक्रार करणारा कोणीच नसतो.

१९९२ साली डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी अधिकार व्यक्तीऐवजी भूमिकेला देण्याची रीत मांडली. आपला 'पदभार' याहून वेगळा काय आहे? सही माणसाची असते, अधिकार पदाचा.

हे सारे विचार पुढे तयार चौकटींत उतरले. बेन ॲलेक्स यांनी २००३ च्या अखेरीस सुरू केलेली 'आसीजी' ही जावा भाषेतील सुरक्षा-चौकट २००४ साली खुली झाली आणि २००८ पासून 'स्प्रिंग सिक्युरिटी' या नावाने येऊ लागली. तिच्यात कोणते पान कोणत्या भूमिकेला खुले, याचे नियम क्रमाने लिहितात. ते वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळणारा नियमच लागू होतो. 'कार्यालयाची सर्व पाने सर्व कर्मचाऱ्यांना' हा नियम वर, आणि 'मंजुरीचे पान केवळ अधिकाऱ्याला' हा खाली लिहिला, तर दुसऱ्याची पाळीच येत नाही. कारकूनही मंजुरी देऊ शकतो! म्हणून विशेष नियम आधी, सामान्य नंतर, आणि शेवटची ओळ अशी: वर न सांगितलेले सर्व काही बंद. जुन्या आवृत्त्यांत ही ओळ नसली, की पुढच्या वर्षी जोडलेले नवे पान कोणाच्या ध्यानात न येता उघडे राहू शकत असे.

माझ्या प्रकरणात यंत्राने सांगितले तेच केले. अधिकार पदाला नव्हे, माझ्या नावाला दिला होता, आणि बदलीचा आदेश त्या यादीपर्यंत पोहोचलाच नव्हता. ही यादी आपण संगणकवाल्यांचे काम समजून सोडून देतो. वास्तविक तो अधिकारवाटपाचा आदेश आहे. तो सही करणाऱ्याने वाचलाच पाहिजे. निदान पदभार-अहवालात किल्ल्यांच्या नोंदीखाली एक ओळ वाढवावी: संगणकातील प्रवेश, दिनांक अमुकपासून बंद.