जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए

सीबीसीसाठी तुमचं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. त्या नळीत आधीच ईडीटीए असतं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. ईडीटीए ते धरून ठेवतं, म्हणून रक्त पातळ राहतं.

हे रसायन मात्र औषध म्हणून जन्माला आलं नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम कापडाच्या रंगाईत अडचण करतं. त्यावर सायट्रिक ॲसिडला पर्याय शोधताना जर्मनीतल्या फर्डिनांड म्युंझ यांनी १९३५ मध्ये ते तयार केलं. खेकड्यानं नांगीत पकडावं तसं ते धातूला पकडतं. खेकड्याच्या नांगीच्या ग्रीक शब्दावरूनच 'चिलेशन' हे नाव आलं. शांपूच्या बाटलीवर ते तुम्हाला सापडेल. शेतकरी मंडळी 'चिलेटेड झिंक' फवारतात, त्यातही बहुधा हेच असतं.

१९५० च्या दशकात डॉक्टरांनी ते शिसं अंगात भिनलेल्या रुग्णांना शिरेतून द्यायला सुरुवात केली. इथे जरा सावकाश वाचा. शिशासाठी वापरतात ते कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए. त्याच्या नांगीत कॅल्शियम आधीच असतं. शिसं भेटलं की ते कॅल्शियम सोडून शिशाला धरतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. नुसतं डायसोडियम ईडीटीए मोकळ्या नांगीनं येतं आणि रक्तातलंच कॅल्शियम ओढतं. नावात एका शब्दाचा फरक. २००५ मध्ये अमेरिकेत हे दुसरं ईडीटीए दिल्यानंतर दोन लहान मुलं दगावली. कॅल्शियम एकदम घसरलं आणि हृदय बंद पडलं.

हृदयासाठी 'बिनऑपरेशनची बायपास' म्हणून चिलेशनच्या सलाईनची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. धमन्यांतल्या थरात कॅल्शियम असतं, तेव्हा ईडीटीए तो थर विरघळवेल, असा तो जुना तर्क. ऐकायला छान, पण ब्लॉकेज म्हणजे नळाला धरलेला क्षार नव्हे. त्यात चरबी, सूज आणि पेशीही असतात. २०१३ साली १,७०८ रुग्णांवरच्या अभ्यासात थोडा फायदा दिसला, तोही मुख्यतः मधुमेहींमध्ये. म्हणून हार्ट अटॅक येऊन गेलेल्या मधुमेहींवर तोच प्रयोग पुन्हा झाला. २०२४ मध्ये निकाल आला: रक्तातलं शिसं कमी झालं, हार्ट अटॅक आणि मृत्यू नाहीत.