लिओ म्युरिन : मुंबईहून मॉरिशसला

१८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यावर कोरेगावचा परिसर महसुलाच्या दृष्टीने इंग्रजांच्या अमलाखाली आला, तर कॅथलिक चर्चच्या नकाशात, तेथे कॅथलिकांची वस्ती असो वा नसो, तो १८५४ मध्ये आखलेल्या पुणे व्हिकारिएटच्या हद्दीत पडला. व्हिकारिएट म्हणजे जेथे नियमित धर्मप्रांत उभा राहिलेला नाही असा, पोपच्या प्रतिनिधीकरवी चालणारा मुलूख. हा प्रतिनिधी, म्हणजे व्हिकार अपोस्टोलिक, दर्जाने बिशप असे, मात्र त्याच्या पदवीला एखाद्या लयाला गेलेल्या धर्मपीठाचे नाव जोडले जाई. त्यामुळेच बर्लिनमध्ये १८२५ साली जन्मलेले येशूसंघाचे लिओ म्युरिन १८६७ मध्ये मुंबईचे व्हिकार अपोस्टोलिक झाले, तेव्हा पदवीने ते पॅलेस्टाइनमधील अस्कलॉनचे बिशप ठरले, आणि मुंबईबरोबर पुण्याचाही कारभार त्यांच्याकडे असल्याने कोरेगाव कागदोपत्री त्यांच्याच अखत्यारीत आले.

त्यांच्या कारकिर्दीत, १८६९ मध्ये, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज सुरू झाले. परंतु त्यांची शक्ती खर्ची पडली ती पाद्रोआदोच्या वादात. पाद्रोआदो म्हणजे पूर्वेकडील बिशपांची निवड करण्याचा पोर्तुगालच्या राजाला पोपने दिलेला हक्क. त्याच मुलखात रोमने स्वतःचे व्हिकार नेमल्याने मुंबईत एकाच वस्तीतील दोन चर्चे दोन निरनिराळ्या बिशपांची आज्ञा मानीत. म्युरिन रोमच्या बाजूने हिरिरीने लढले. १८८६ मध्ये पोप आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, पुण्याला स्वतंत्र धर्मप्रांताचा दर्जा मिळाला, आणि पुढच्याच वर्षी म्युरिन यांची मॉरिशसमधील पोर्ट लुई येथे नेमणूक झाली. वाद मिटवायचा तर त्यातला खंदा पक्षकार मुंबईत ठेवणे रोमला अवघड होते, असे मानायला जागा आहे.

आफ्रिकेच्या पूर्वेकडील या बेटावर राज्य इंग्रजांचे, पण जमीनदारांची आणि चर्चची भाषा फ्रेंच होती. १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांवर करारबद्ध हिंदी मजूर आणले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले, कोकण आणि घाटमाथ्यावरील मराठी लोकही होते. म्हणजे ज्या प्रांताचा कारभार म्युरिन यांनी सोडला, तेथील माणसे त्यांच्या आधीच मॉरिशसला पोहोचली होती, ही बाब चरित्रकारांनी अधिक लक्षात घ्यायला हवी.

२९ एप्रिल १८९२ रोजी, वादळांचा हंगाम सरला असे सर्वांनी धरले असताना, बेटावर भीषण चक्रीवादळ आले. वादळाचा मध्य माथ्यावर असताना वारा पडला, लोक निर्धास्त होऊन घराबाहेर पडले, आणि उलट्या दिशेने सुटलेल्या वाऱ्याने पोर्ट लुईचा मोठा भाग जमीनदोस्त केला. सुमारे १,२०० माणसे मेली.

पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, म्युरिन यांनी फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाविरुद्ध फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यूंवर कटकारस्थानाचा निराधार आरोप करणारे हे लेखन युरोपातील ज्यूद्वेषाला खतपाणी घालणारे ठरले, आणि त्याचा दोष त्यांच्या शिक्षणकार्याच्या गौरवाआड झाकणे योग्य नव्हे. १८९५ मध्ये ते निवर्तले, तेव्हा कोरेगाव पुण्याचे पहिले बिशप बायडरलिंडेन यांच्या धर्मप्रांतात होते.