न पुसणारी वही

वरणगावहून आम्ही बोलतोय.

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला एका ताईंचा भाचा आला होता. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला आहे. आमची खातेवही चाळून तो म्हणाला, "मावशी, हे सगळं ब्लॉकचेनवर टाका. तिथे लिहिलेलं कुणालाच पुसता येत नाही. पुढचं इंटरनेटही तसंच होणार. ना कंपनीचं, ना सरकारचं, आपल्या सगळ्यांचं." मुलगा गुणी आहे आणि तळमळीने सांगत होता. आम्ही लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आपल्या भागातल्या वह्यांचा इतिहास आठवून पाहिला. तोच आज तुम्हाला सांगतो.

आधी हे ब्लॉकचेन म्हणजे काय ते समजून घेऊ. एक वही आहे आणि तिच्या हजारो प्रती हजारो कॉम्प्युटरवर आहेत. प्रत्येक नव्या पानावर आधीच्या पानाची खूण असते. मागचं एक अक्षर कुणी बदललं, तर पुढच्या साऱ्या खुणा चुकतात आणि लबाडी उघडी पडते. जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन अशाच वहीवर सुरू झालं. पुढे काही लोक म्हणू लागले, की पैसाच काय, जमिनीची कागदपत्रं, दाखले, सगळं इंटरनेटच अशा वहीवर आणू, म्हणजे मालक कुणीच राहणार नाही.

आता आपल्या वह्या पाहू. १८५२ साली इंग्रज सरकारने खानदेशात जमिनीची मोजणी सुरू केली. सावदा, फैजपूर, एरंडोल या भागात लोकांनी तिला विरोध केला. शेवटी फौज आणून पुढाऱ्यांना पकडलं. मोजणीची वही नीटनेटकी होती. पण लिहिणारे दुसरे आणि सारा भरणारे आपण. विश्वास बसणार कसा?

पुढे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा राग कर्जाच्या खतांवर आणि वह्यांवर होता. त्या वह्यांची होळी झाली आणि हे लोण पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरलं. मैत्रिणींनो, त्या वह्यांत मागाहून खाडाखोड करायची सावकाराला फारशी गरजच नव्हती. हातात कमी रक्कम द्यायची, खतावर जास्त लिहायची आणि खाली अंगठा घ्यायचा. खोट पहिल्याच ओळीत होती. तीच वही न पुसणारी असती, तर खोटं कायमचं पक्कं झालं असतं.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यात काय होतं ते ऐका. न्यायाधीशाने नुसतं खत पाहून निकाल द्यायचा नाही. कर्ज सुरू कसं झालं, हातात किती आले, फेडले किती, हे मुळापासून तपासायचं. सावकाराने पावती द्यायची, मागितल्यास वर्षाचा हिशोब द्यायचा, पासबुक भरून द्यायचं. आपल्या पिशवीतल्या पासबुकाचं नाव त्या कायद्यातही आहे! त्या कायद्याने वही पक्की केली नाही. वहीला प्रश्न विचारायचा हक्क दिला.

आपल्या बायकांचं तर सगळंच या हक्कावर चाललंय. सातबाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या बाईचं नाव नसायचं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि गावोगावी पुरुषांनी बायकोच्या नावाने जमीन लावून दिली. २००५ च्या कायद्याने हिंदू घरातल्या लेकींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा मिळाला. हे घडलं, कारण जुनी नोंद बदलता येते. भाचा म्हणेल, "ब्लॉकचेनवरही नवी नोंद जोडता येते." खरं आहे. पण ज्याच्याकडे किल्ली आहे, त्यालाच. ती किल्ली आपल्याकडे असेल का?

आपल्या राज्यात याचा एक प्रयोग झाला आहे. २०२२ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्लीत सुमारे ६५ हजार जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवायचं काम हाती घेतलं गेलं. दाखला अस्सल की नकली हे ओळखायला त्याचा उपयोग आहे, हे आम्ही मानतो. पण दाखला द्यायचा की नाही, हे कार्यालयच ठरवतं. नाव चुकलं, पुरावा नाही म्हणून अर्ज परत आला, तर चकरा तिथेच माराव्या लागतात. यंत्र चुकीचं नावही तितक्याच इमानाने जपणार.

आणि ही वही खरंच कुणाच्या हातात नसते का? इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवर 'द डाओ' हा सामाईक निधी होता. जून २०१६ मध्ये त्याच्या नियमांतली फट शोधून कुणीतरी सुमारे ३६ लाख ईथर काढून नेले. पुढच्याच महिन्यात चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ठरवलं आणि ते पैसे परत फिरवले. ज्यांना पटलं नाही, ते जुनी वही घेऊन वेगळे झाले. म्हणजे मोठ्यांचा पैसा अडकला, तेव्हा न बदलणारी वही बदलली. आपल्या दोन हजार रुपयांसाठी ती कोण बदलणार?

शिवाय किल्ली सांभाळणं अवघड म्हणून बहुतेक लोक पुन्हा कंपनीकडेच जातात. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतातल्या कंपनीतून अंदाजे २००० कोटी रुपयांचं क्रिप्टो चोरीला गेलं आणि लोकांचे व्यवहार अडकून पडले. मालक नाही असं म्हणत होते, पण संकटात दार ठोठवायला लोकांनी मालकच शोधला.

आपल्या गटाच्या पंचसूत्रीत बैठक पहिली येते आणि लेखे शेवटी, ते उगाच नाही. वही सगळ्यांसमोर भरायची, मोठ्याने वाचायची. अक्षर न येणारी बाईसुद्धा म्हणू शकते, "माझा हप्ता भरला होता, बघा पुन्हा." चुकीवर रेघ मारायची, बरोबर आकडा लिहायचा, शेजारी सह्या घ्यायच्या. जुना आकडाही दिसतो आणि नवाही.

कधी कधी आपणच घाई करतो. वाचन टाळतो, सह्या नंतर घेऊ म्हणतो. तिथे कुठलंही यंत्र वाचवणार नाही.

भाच्याला आम्ही निरोप धाडलाय: "बाळा, आमची वही आमच्याकडेच राहू दे. मात्र बैठक झाली, की प्रत्येकीला तिची शिल्लक मोबाइलवर आपल्या बोलीत ऐकू येईल, असं काही करता येतं का बघ." तो प्रयत्न करतो म्हणालाय.

तोवर या महिन्याच्या बैठकीत वही मोठ्याने वाचा.