बोन्सायची लाकडी खोकी

बोन्साय म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती भाजलेल्या मातीची उथळ कुंडी. पण जपानमधल्या १३०९ सालच्या 'कासुगा गोंगेन गेन्की' या गुंडाळीवरच्या चित्रांत बुटकी झाडं चक्क लाकडी तबकांतही दिसतात! लाकूड कुजतं, भाजलेली माती टिकते, म्हणून संग्रहालयांत मान कुंड्यांना. मला हा अन्यायच वाटतो. कारण खोड जाड करायचं, तर आजही बरेच बोन्सायवाले फळ्या ठोकून साधं खोकं बनवतात. तळाला भोकं, त्यांवर जाळी. लाकूड पटकन तापत नाही, मुळांनाही ऐसपैस जागा मिळते. झाड खरं घडतं ते इथंच, वर्षानुवर्षं (आमच्या भाषेत ट्रेनिंग!). मग एक दिवस ते देखण्या कुंडीत बसून प्रदर्शनाला जातं, आणि खोकं जातं जळणात.